काऊन सर

आमच्या हेडमास्तरांचं नाव पत्रू गुरनुले. पण ते नाव फक्त दारावरच्या पाटीला. शाळेत, बसस्टँडवर, चहाच्या टपरीवर त्यांना सगळे काऊन सर म्हणत; आमच्याकडं 'का'ला काऊन म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण सरांना ठाऊक होतं. एकदा त्यांनी मलाच विचारलं, "बाई, मले काऊन सर म्हणतेत म्हणे. काऊन?" आता याला काय सांगावं?

मी सायमा. अहेरीची. माझे अब्बा अयूबभाई आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान लावतात. अहेरीहून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची निवासी शाळा आहे, तिथं मी गणित शिकवते. बी.एड. करताना माझं बोलणं सुधारलं गेलं, म्हणजे मले-तुले काढून मला-तुला बसवण्यात आलं. इथं ते सुधारलेलंच लिहिते आहे. पण राग आला की मूळचं बाहेर येते, आणि मला राग लवकर येतो. तेवढं चालवून घ्या.

सरांना मात्र राग येत नसे. त्यांना प्रश्न येत. डाळीत मीठ कमी पडलं की दुसरा हेडमास्तर आचाऱ्यावर ओरडला असता. सर स्वयंपाकघरात जाऊन विचारत, "आज मीठ कमी काऊन?" आणि उत्तराची वाट पाहत उभे राहत. आचाऱ्याला वाटे टोमणा आहे. टोमणा नसे हो, त्या माणसाला खरंच जाणून घ्यायचं असे. जीपवाला एका ठरावीक वळणावर कोणी नसताना हॉर्न वाजवायचा. आम्ही वर्षानुवर्षं त्या जीपनं गेलो, कोणी विचारलं नाही. सरांनी पहिल्याच फेरीत विचारलं. तिथं झाडाखाली देव आहे, त्याला सांगून जावं लागते, असं कळलं. मग पुढच्या फेरीपासून वळण आलं की सर टोपी काढत.

हे खूळ कुठून लागलं तेही त्यांनी सांगितलं होतं. ते सिंदेवाहीचे. वडील तिथल्या धान संशोधन केंद्राच्या शेतात मजुरीवर. लहानपणी बापासोबत बांधावर बसून ते पाहायचे, चांगले शिकलेले साहेब लोक चिखलात वाकून एकेका रोपाला न्याहाळतात, हे बुटकं काऊन राह्यलं, याची लोंबी पोचट काऊन निघाली, म्हणून आपसात भांडतात. "रोप वाढलं नाई तर रोपाले कोणी शिव्या नाई देत, बाई," सर म्हणाले. "मग मी शाळेत गेलो. तिथी पोरगं शिकलं नाई का पोराले शिव्या. तेव्हापासून माह्या डोक्यात हे काऊन बसलं आहे."

शाळेत आल्याबरोबर सरांनी छड्या बंद केल्या आणि शनिवारचा एक तास काढला. प्रार्थनेनंतर ते वडाखाली स्टूल टाकून बसत. कोणत्याही पोरानं यावं, काहीही विचारावं. रस्त्याकाठच्या गावांतली, दुकानदारांची, कर्मचाऱ्यांची पोरं भरपूर विचारत. विमान पडत काऊन नाही, सरांच्या डोक्यावर केस काऊन नाहीत. सर हसत आणि जमेल तसं उत्तर देत. पण शाळेत अर्ध्याहून जास्त पोरं आतल्या गावांतली, माडिया आदिवासी. ती मागच्या ओळीत गुडघ्याला मिठी मारून बसत आणि एक शब्द बोलत नसत. पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. ही गोष्ट सरांच्या मनाला फार लागली होती.

"हे पोरं मले काहीच विचारत नाईत. काऊन?"

"सर, विचारलं का काय भेटते ते त्याईले ठाऊक आहे," मी म्हटलं. मला राग आलाच होता. पोर माडियात बोललं की त्याला मराठीत बोल म्हणायचं, अन् मराठीत बोललं की त्याच्या मराठीवर हसायचं. मग ते बोलन कायले? छडी बंद झाली होती, पण जीभ चालूच होती. स्टाफरूममध्ये चहाच्या कपासोबत 'जंगली' हा शब्द फिरायचा. जंगली पोरं, जंगली सवयी. कोणाला त्यात काही वाटत नसे. मी भांडायचे, तर मलाच म्हणत, "सायमा मॅडमचं डोकं लवकर तापते."

हा शब्द सगळ्यात जास्त वापरत ते चंदन सर. आता चंदन सरांना वाईट माणूस म्हणाल तर तसंही नाही. वैनगंगेकाठच्या गावचे, इतिहास असा शिकवत की मी माझा ऑफ तास असला की खिडकीशी उभी राहून ऐकायचे. एका पोराला ताप चढला तर मोटरसायकलवर पाठीशी बांधून दवाखान्यात घेऊन गेले होते. अन् परत आल्यावर म्हणाले काय, "या जंगली लोकांले मच्छरदाणी दिली तर मासे पकडतेत." म्हणजे जीव लावायचा आणि वरून असं बोलायचं. मला हे कोडं कधी उलगडलं नाही. पोराला उत्तर आलं नाही की त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "उद्या पाठ करून ये." आणि उत्तर बरोबर आलं की एकच शब्द, "बस."

माझ्या नववीत सोमारी वड्डे होती. भामरागडच्या पलीकडे, नदीपार तिचं गाव. त्या गावातून दहावीपर्यंत एकही पोरगी गेली नव्हती. सोमारी जाणार हे आम्ही सगळे धरून चाललो होतो. गणितात तरबेज. वर्गात बोलत नसे, पण मी माडियात एखादं वाक्य बोलायला गेले की ओढणीत तोंड लपवून इतकी हसायची की मलाच हसू यायचं. लहान पोरी तिच्यामागं मागं असत. त्यांच्या वेण्या तीच घालायची.

तो एप्रिल महिना. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली. कैऱ्यांचे दिवस, म्हणून वरणात कैरी पडायला लागली. दरवर्षीच पडायची. पण त्या साली आचारी नवा आला होता आणि हौशी होता. आधीचा फोडी टाकायचा, यानं कैऱ्या शिजवून, घोटून वरणात मिसळून टाकल्या. त्या दिवशी जेवणावर लक्ष ठेवायची पाळी चंदन सरांची होती. त्यांनी पाहिलं की माडिया पोरं कोरडा भात खातायत. वरणाला एकाही पोराचा हात लागलेला नाही.

"काय झालं? वरण काऊन नाई खात?"

पोरं गप्प. चंदन सरांना वाटलं सगळ्यांनी मिळून हट्ट मांडला आहे. त्यांचा पारा चढला. "जंगलातून आणून ताटावर बसवलं, तरी जंगलीचे जंगलीच," असं सगळ्यांपुढे बोलले. मग सोमारीसमोर जाऊन उभे राहिले. "तू मोठी आहेस. तू खाल्लं का हे सारे खातीन. खा. तू खाईपर्यंत मी इथून हलत नाई."

बाजूला दुसरीतली एक पोरगी भेदरून रडायला लागली होती. सोमारीनं तिच्याकडे पाहिलं आणि वरण भातात कालवून खाल्लं. सगळं खाल्लं. चंदन सर खूश होऊन निघून गेले. बाकीच्या पोरांनी ताटं तशीच नेऊन धुतली.

मी तेव्हा तिथं नव्हते. मला दिसलं ते दुसऱ्या दिवसापासून. सोमारी हसेना. मी मुद्दाम चुकीचं माडिया बोलून पाहिलं, तरी हसेना. लहान पोरींच्या वेण्या घालणं तिनं सोडलं, त्या जवळ आल्या की ती उठून जायची. मग रविवारी तिचे वडील, डोमाभाऊ, तिला न्यायला आले. गावात सण होता, दोन दिवसांसाठी न्यायचं होतं. बाप आला म्हटल्यावर पोरगी धावत येते. ही न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावून बसली.

डोमाभाऊ ओट्यावर बसून राहिले. सर त्यांच्याजवळ जाऊन बसले. न्हाणीघराशी जाऊन सोमारीला विचारून आले, पण ती काही सांगेना. शेवटी त्या दुसरीतल्या पोरीनं डोमाभाऊंच्या कानाशी लागून माडियात सगळं सांगून टाकलं. मी पाहत होते. डोमाभाऊ ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मरका पंडुम झाला नाई आमचा," ते म्हणाले. मरका म्हणजे आंबा. गावाचा आंब्याचा सण, पंडुम, होईपर्यंत त्या गावचा माणूस नवा आंबा तोंडात घालत नाही. कच्चा नाही, पिकलेला नाही. खाल्ला तर खाणाऱ्यावर आणि त्याच्या गावावर काही ना काही संकट येतं असं मानतात. आधीच्या वर्षी पोरं कैरीच्या फोडी गुपचूप ताटाच्या कडेला सारायची. आम्हाला वाटायचं, आंबट आवडत नाही.

"आता हिले तशीच गावात नेता येत नाई," डोमाभाऊ म्हणाले. "पेरमाले विचारा लागन. तोपर्यंत शेतावरच्या झोपडीत ठेवतो. आन सर, शाळेत आता नाई पाठवत. शाळेनं पोरीले ना इकडचं ठेवलं, ना तिकडचं."

सोमारी बापाचा आवाज ऐकून बाहेर आली आणि मान खाली घालून त्यांच्यामागून चालायला लागली. सामान घेतलं नाही. परीक्षेला ती बसली नाही तर नववीत राहणार, आणि नववीत राहिलेली पोरगी परत येत नाही, हे मी सहा वेळा पाहिलं होतं. मी स्टाफरूममध्ये जाऊन चंदन सरांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते म्हणाले, "मी तिले विष नाई देल्लं. वरण देल्लं." सरांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण नवा आंबा आधी खायचा नाई, हे काऊन? चला, विचारून येऊ. चंदनजी, तुमीबी चला."

"मी काऊन?"

"तेच विचाराले," सर म्हणाले.

जीपनं भामरागड, पुढे नदी. एप्रिलात नदी गुडघाभर असते, चपला हातात घेऊन पार केली. गावाचा पेरमा, म्हणजे देवाधर्माचं पाहणारा माणूस, बुधू नावाचा म्हातारा होता. अंगणात बसून बांबूच्या पट्ट्या सोलत होता. आम्ही कोण ते डोमाभाऊंनी सांगितलं तरी त्यानं मान वर केली नाही. सर त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांचा प्रश्न विचारला. डोमाभाऊंनी तो माडियात सांगितला. म्हातारा आधी वैतागला. मग सुरी ठेवली.

"आंबा आपला हाय का?" त्यानं विचारलं. "झाड कोनं लावलं? भुईचा हाय. मेल्या म्हाताऱ्याहिचा हाय. त्याहिले आधी देल्लं का मंग आपन मागून खायचं. न मागता खाल्लं त ते चोरी." आणि चंदन सरांकडे बोट करून म्हणाला, "यानं आमच्या पोरीले चोर केलं."



पुढं गावातल्या म्हाताऱ्यांची बरीच वादावादी झाली. एकाचं म्हणणं दोष खाणाऱ्याचा, दुसऱ्याचं म्हणणं खाऊ घालणाऱ्याचा. बुधूलाही नक्की ठरवता येईना, कारण असं कोणी जबरदस्तीनं खाऊ घातल्याचं याआधी कधी झालं नव्हतं. शेवटी ठरलं, कोंबडीला विचारायचं. ज्या हातानं पोरीला खायला लावलं, त्याच हातावर तांदूळ ठेवायचे. कोंबडीनं टिपले तर पोरगी सुटली. नाही टिपले तर बाकीचं पुढं पाहू.

चंदन सर उकिडवे बसले, तळहातावर तांदूळ. समोर तांबडी कोंबडी. सोमारी लांब, गावाच्या हद्दीबाहेर मोहाच्या झाडाखाली उभी होती, तिथून पाहत होती. कोंबडीनं मान वाकडी करून तांदूळ पाहिले आणि दुसरीकडे निघाली. तिला परत आणलं. तिनं चंदन सरांच्या चपलेवर चोच मारली. तांदळाला शिवेना. एरवी मी हसून लोळले असते. पण त्या अंगणात कोणी हसत नव्हतं, आणि चंदन सरांचा हात लटलट कापत होता. मला तेव्हा कळलं की ते घाबरले आहेत. कोंबडीला नाही. आपल्यामुळं पोरगी अशीच हद्दीबाहेर राहील, याला.

"हात नको हलवू," बुधू म्हणाला. "भेते ते."

चंदन सरांनी दुसऱ्या हातानं आपलं मनगट घट्ट धरलं. कोंबडी आली. एक दाणा टिपला, मग पटापट सगळे.  बुधूनं पाणी मंत्रून दिलं, बायका ते घेऊन झाडाकडे गेल्या आणि सोमारीला हात धरून गावात आणलं. दुसऱ्याच दिवशी पंडुम होता, त्यात ती बसू शकणार होती.

"आता शाळेत पाठवाल ना, डोमाभाऊ?" मी विचारलं.

डोमाभाऊंनी पोरीकडे पाहिलं. "तिले विचारा. ती म्हणन तसं."

सोमारी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग सरांकडे वळून म्हणाली, "सर, एक विचारू काय?"

सरांचं तोंड मी पाहिलं. दोन वर्षं वडाखाली स्टूल टाकून हा माणूस याच वाक्याची वाट पाहत होता. डोळे भरून आले त्यांचे. "विचार ना माय, विचार."

"तुमाले नाई. चंदन सराले." आणि मग ती चंदन सरांकडे पाहून, एकेक शब्द नीट जुळवत म्हणाली, "सर, तुमी आमाले जंगली काऊन म्हन्ता?"

"अगं, मी रागात होतो त्या दिवशी," चंदन सर म्हणाले. "कामाचा ताण असते. तसं काही मनात नसते माह्या."

"चंदनजी," सर हळूच म्हणाले, "तिनं काऊन विचारलं आहे. केव्हा ते नाई विचारलं."

 चंदन सरांनी हातावर चिकटलेला तांदळाचा एक दाणा काढला. "मले ठाऊक नाई," ते म्हणाले. "खरंच ठाऊक नाई."

सोमारीनं मान हलवली. तिच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, वर्गात जसं बोलतात तसंच बोलली. "मंग पाठ करून या सर. पंडुम झाला का मी येईन."

परतताना देवाच्या वळणावर हॉर्न वाजला, सरांनी टोपी काढली. चंदन सरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आपलीही काढली.

शाळेत त्यानंतर काय काय झालं ते सांगते. सरांनी आचाऱ्याला ताकीद दिली, कोणताही नवा जिन्नस चुलीवर चढवायच्या आधी पोरांना विचारायचं. आता प्रत्येक गावाचा पंडुम वेगळ्या दिवशी, त्यामुळं आचारी कावला. म्हणाला, "कोण कोण्या गावचं, कोणाचा झाला, कोणाचा नाई, एवढं कोण ध्यानात ठेवन?" सर म्हणाले, "ध्यानात नको ठेवू. रोज विचार." काही शिक्षक कुरकुरले, अजूनही कुरकुरतात. एकानं बदली मागून घेतली. 'जंगली' शब्द स्टाफरूममधून एका दिवसात गेला असं मी म्हणणार नाही. पण तो कोणी बोललं की सर चहाचा कप खाली ठेवून विचारायचे, "काऊन म्हटलं तुमी तसं?" आणि उत्तरासाठी थांबायचे. सगळ्यांचा चहा थंड व्हायचा. माणसं त्या प्रश्नाला भ्यायला लागली. मला आधी वाटायचं माझ्या भांडणानं काम होईल, पण भांडणापासून पळता येते, सरांच्या थांबण्यापासून पळता येत नव्हतं. गेल्या साली सर रिटायर झाले. सिंदेवाहीला राहतात. फोन केला की आधी विचारतात, "आज फोन काऊन?"

पण चंदन सरांचं उत्तर सांगायचं राहिलं.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी सोमारी आली, पेपरच्या चांगली तासभर आधी. पहिल्या बाकावर जाऊन बसली. बाकीची पोरंही आली, कारण गोष्ट शाळाभर झाली होती. चंदन सर वर्गात आले. दाढी केली नव्हती, झोप झालेली दिसत नव्हती. मी आणि सर दाराशी उभे होतो. चंदन सर खुर्चीवर बसले नाहीत, टेबलापुढं येऊन उभे राहिले, पाठ म्हणायला उभं राहतात तसे.

"आमी मासे धरणारे लोक," ते म्हणाले. "माझी माय मासोळ्या विकून आली का शाळेत सोडाले येत जाय. वर्गात मले 'मासोळ्या' म्हणत. पोरंबी म्हणत, मास्तरबी म्हणत. माह्या बाजूले कोणी बसत नव्हतं. वास येते म्हणत. मी रोज आंघोळ करून जाओ, तरी म्हणत. मंग मी शिकलो, नोकरी लागली, इथी आलो. इथी मले मासोळ्या म्हणणारं कोणी नव्हतं." त्यांनी सोमारीकडे पाहिलं.  "आन मले पहिल्यांदा कोणीतरी असं भेटलं, का ज्याले मी काही म्हणू शकत होतो. म्हणून म्हणत होतो. तुमच्यात काही होतं म्हणून नाई."

 मी सरांकडे पाहिलं, वाटलं आता काही विचारतील. त्यांनी काही विचारलं नाही.

सोमारी विचार करत होती. उत्तर बरोबर आहे की नाही हे ती खरंच तपासत होती. मग ती बाकावर एका बाजूला सरकली, शेजारची जागा हातानं पुसली.

"बसा सर," ती म्हणाली.

चंदन सर तिच्या शेजारी बसले. घंटा होईपर्यंत तिथंच बसून राहिले.